सरपंचांचे पती

“नाव सांगा आणि पद सांगा,” मी म्हटलं. मोहनदादांनी नाव खणखणीत सांगितलं. पदाशी मात्र गाडी अडली.

मी तेव्हा मालवणच्या एका लोकल केबल चॅनेलवर कॅमेरा धरायचे, बातमी लिहायचे आणि एडिटही करायचे. बाइट म्हणजे बातमीत माणूस स्वतःच्या तोंडाने जे बोलतो ते. बाइट घ्यायच्या आधी नाव आणि पद कॅमेऱ्यातच बोलवून घ्यायचा आमचा नियम होता. मग टेप बघून स्क्रीनच्या तळाशी पट्टी टाकायची. एकदा एका पुढाऱ्याचं आडनाव चुकलं होतं, तेव्हापासून हा नियम कुणी मोडत नसे.

मोहनदादांनी बायकोकडे पाहिलं. सुनंदावैनी, गावाने निवडून दिलेल्या सरपंच, दारात उभ्या होत्या. ओटीवर खुर्ची एकच मांडलेली आणि तिच्यात दादा.

“पदाचा तू घाल काय तां,” दादा म्हणाले. “तुका म्हयत आसा.”

“बरं, मी घालते,” म्हटलं. कॅमेरा चालूच होता.

बातमी होती किनाऱ्यावरच्या पुळणीची. गावाच्या मालकीची ती मोकळी वाळू. तिथे बायका पिढ्यान् पिढ्या बांगडे आणि गोलमो, म्हणजे बारीक कोलंबी, सुकवायच्या. शेजारी हॉटेल येणार होतं आणि त्यांना तिथे पार्किंग हवं होतं. येत्या ग्रामसभेने एकदा मान डोलावली की झालं. मग बायकांनी मासळी कुठे सुकवायची, हे कुणी विचारलंच नव्हतं.

दादांनी शुद्ध मराठीत बाइट दिला. “ग्रामपंचायतीचा या प्रकल्पाला पाठिंबा आहे. महिलांना आम्ही दुसरी जागा देऊ.”

“कुठे?”

“ती बघू.”

मग मी सरपंचांचा बाइट मागितला.

“आमचो दोघांचो एकच,” दादा म्हणाले. “तिका कॅमेऱ्यासमोर बोलूक येणा नाय. तिचो चाय करतानाचो शॉट घे.”

निघताना आमचे मालक भाऊ यांनीही हेच बजावलं होतं. सरपंचबाईंचा सोलकढी करतानाचा शॉट घे, घरगुती वाटतं. आमच्या चॅनेलवर बाई दिसायची ती एकतर पाककृतीत, नाहीतर हळदीकुंकवाच्या स्पर्धेत. पुरुष सरपंचाला दाढी करताना दाखवावं, हे मात्र आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझं डोकं तडकलं. पण तडकलेल्या डोक्याने फोकस लागत नाही, म्हणून आधी लेन्स पुसली.

बातमीत एकच चेहरा किती वेळ दाखवणार? मध्ये मध्ये चालतानाचे, कामाचे शॉट टाकावे लागतात. मी दादांना म्हटलं, वैनींचे किनाऱ्यावर चालतानाचे शॉट घेते. चालण्याला त्यांची हरकत नव्हती.

पुळणीवर पाच-सहा बायका सुकत घातलेली मासळी परतत होत्या. मी छोटा कॉलर माइक वैनींच्या पदराला लावला.

“वैनी, ह्यो माइक चालू आसा. बोलशात तां टीव्हीर येतला. नको असात तर आत्ताच काढतंय.”

त्यांनी घराच्या दिशेने पाहिलं. मला वाटलं, गेला बाइट.

“आसांदे,” त्या म्हणाल्या.

“नाव आणि पद?”

“सुनंदा तांडेल. सरपंच.”

आवाज अगदी बारीक. मासळी परतणारी एक म्हातारी मानही वर न करता म्हणाली, “मोठ्यान बोल गो. वाऱ्यात जाता.”

वैनी मोठ्याने बोलल्या. “ग्रामपंचायतीन पाठिंबो दिलेलो नाय. कागदार सही माझी लागता, आणि मी ती करूचंय नाय. माझी आये हंयच मासळी सुकत घाली. ह्यो बायकांचो कारखानो आसा. गाड्ये दुसरीकडे ठेवा.”

“घरात सांगितलं होतं?”

“सांगलंय. आयकूक कोण आसा?”

ऑफिसात भाऊंनी दोन्ही बाइट पाहिले. हॉटेलवाल्याची जाहिरात आमच्याकडे चालायची, हे मला माहीत होतं.

“वैनींचा काप,” ते म्हणाले. “नवरा-बायकोत भांडण लागेल.”

“मग दादांचाही कापते. पाठिंबा नाहीच, तर ते खोटं आहे.”

“मग बातमीत रवला काय? सोलकढीचो शॉट?”

“तो घेतलाच नाही.”

भाऊ चिडले. जाहिरात गेली तर काय, म्हणाले. मी म्हटलं, जाहिरात गेली तर मला काढा, पण सरपंच बोलल्या आहेत आणि त्या दिसतील. मनातून घाबरले होते, खोटं कशाला सांगू. दुसरी कॅमेरावाली नव्हती म्हणून म्हणा, नाहीतर अजून काही म्हणा, भाऊ उठून गेले आणि बातमी चॅनेलवर लागली. वैनींच्या खाली पट्टी: सुनंदा तांडेल, सरपंच. दादांच्या खाली: मोहन तांडेल, सरपंचांचे पती.

सकाळी दादा ऑफिसात हजर.

“गावात तोंड दाखवूक जागा ठेवलंस नाय! जो तो ‘सरपंचांचे पती’ म्हणान हाक मारता.”

मी टेप लावली. पदाचा तू घाल काय तां, दादा टीव्हीतून म्हणाले.

भाऊंनी चहाचा घोट घेतला. “दादा, खोटां असात तर सांगा. आजच्या बातमीत दुरुस्ती देवया. पट्टी परत एकदा दाखवूची लागात.”

दादांना दुरुस्ती नको होती.

ग्रामसभेला मी कॅमेरा घेऊन गेले. ग्रामसेवकाच्या शेजारच्या खुर्चीकडे दादा सवयीने निघाले, तोच मागून पुळणीवरची म्हातारी म्हणाली, “दादानू, पट्टी वाचलंव आमी. थंय वैनी बसतली.”

सभा हसली. दादा थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि सतरंजीवर बसले. वैनी खुर्चीत बसल्या. पहिली दोन वाक्यं बारीक आवाजात बोलल्या, मग मोठ्याने. पार्किंग नको म्हणून बायकांनी हात वर केले, त्यांच्या मागून बऱ्याच पुरुषांनीही. पुळण राहिली.

हॉटेलची जाहिरात खरंच गेली. भाऊंनी मला काढलं नाही, पण गणपतीपर्यंत रांगोळी स्पर्धांवर पाठवत राहिले. तिथे परीक्षक सगळे पुरुष असायचे. मी प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर पद विचारलं आणि रांगोळी कधी काढली होती, तेही विचारलं.

नव्या मुलींना मी आता एवढंच शिकवते. खुर्चीत कोण बसलंय ते बघून माइक लावू नका. आधी पद विचारा, आणि ते ज्याचं असेल तो दारात उभा असला तरी माइक तिथवर न्या. वायर पुरते.

हॉटेल झालं, पार्किंग पलीकडे गेलं. वारा सुटला की गोलम्याचा वास थेट त्यांच्या रिसेप्शनमध्ये जातो. त्यांची तक्रार ग्रामपंचायतीत आली होती. सरपंचांनी ती वाचली आणि पुळणीवर निघून गेल्या.