भिंतीएवढी कोरोतुमू

सुंगालो कुलिबाली, अरे चवळीखाऊ! आम्ही केइता तुम्हा कुलिबालींना हेच म्हणणार, आपल्या दोन कुळांची ही थट्टा पिढ्यानपिढ्यांची, रागावू नकोस.

बामाकोच्या प्रदर्शनात तू काढलेला, बक्षीस मिळालेला फोटो पाहिला. तुझ्या स्टुडिओतला रेडिओ मांडीवर घेऊन बसलेली माझी बहीण कोरोतुमू भिंतीएवढी झाली होती. तिला जाऊन तीस वर्षं झाली, आणि तिच्या पापण्या मोजता येत होत्या! देशोदेशीची माणसं तिच्यापुढे गप्प उभी होती. खाली पाटी मात्र ‘अनोळखी स्त्री’.

‘ही आमची कोरोतुमू!’ असं मी ओरडले तेव्हा तूही थट्टा परतवत म्हणालास, “केइतांची होय? मला वाटलं, आमची मोलकरीण! उद्या नाव लिहून आण, पाटी बदलतो.”

दुसऱ्या, म्हणजे प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी चिठ्ठी घेऊन आले, पण आधी तिच्यापुढे उभी राहिले आणि दरवाजे बंद होईपर्यंत उभीच होते. फोटो ‘अनोळखी स्त्री’ म्हणूनच परदेशी गेला. चिठ्ठी माझ्याकडेच राहिली.