कवळीवरची पावडर

"डॉक्टरसाहेब, वडिलांचंही असंच झालं होतं. आधी बोलणं जड झालं, मग लकवा." नारायणगुरुजी खुर्चीत बसून हे सांगत होते आणि त्यांचा प्रत्येक ‘त’ जाड येत होता.

गुरुजी रामघाटावर श्राद्धकर्म करत. वरची कवळी मीच बसवलेली. मध्य भारत राज्य विलीन होऊन नवा मध्य प्रदेश व्हायचा होता, सगळी नोकरदार मराठी घरं बदलीच्या धास्तीत. गुरुजींना धास्ती जिभेची. तर्पण सांगताना अडखळले की यजमान दुसऱ्या पंडिताकडे जाणार. गुरुजींच्या पत्नी, काकू, तोंडाला पदर लावून दाराशी उभ्या होत्या.

म्हटलं, बोलताना जीभ कुठे टेकते ते बघू. रीत सोपी आहे. कवळी कोरडी करून जिभेकडच्या बाजूला पांढरी पावडर लावायची. तोंडात बसवून एक शब्द बोलायचा, लगेच काढायची. जीभ टेकते तिथली पावडर पुसली जाते. ‘त’ म्हणताना दातांमागची आणि कडेची पट्टी तेवढी पुसते, मधला भाग पांढराच राहतो.

"घाटावर म्हणता तसंच ‘तर्पयामि’ म्हणा," असं सांगून मी दिवा ओढायला वळलो. त्यांनी तसं म्हटलं. कवळी काढली तर पावडरीचा कण शिल्लक नाही.

जीभ ताब्यात नसली की अशी टाळूभर फिरते, असं मी शिकलो होतो.

"काय आहे, सांगा ना," काकू म्हणाल्या.

"पुन्हा एकदा बघू." मी कवळी पुसून कोरडी केली. नवी पावडर लावून ती त्यांच्या तोंडात बसवली.

या वेळी नजर हलवली नाही. गुरुजींनी चूळ भरायच्या ग्लासातलं पाणी तळहातावर घेतलं, "केशवाय नमः" पुटपुटले आणि प्यायले.

"गुरुजी, हे काय?"

"आचमन. त्याशिवाय मंत्र कसा म्हणणार?"

"अहो, पावडर गिळलीत की."

"मघाशीही खडूसारखं लागलं. म्हटलं, औषध असेल."

मग त्यांना नुसतं ‘ताट’ म्हणायला लावलं. ठसा व्यवस्थित उमटला, फक्त दातांमागची पट्टी हवी त्यापेक्षा रुंद. कवळी तिथे जाड होती. घासून पातळ केली, तसा ‘तर्पयामि’ स्वच्छ निघाला.

"म्हणजे दोष कवळीचा?" काकूंनी विचारलं.

"कवळीचाच. जीभ बिल्कुल ठणठणीत आहे."

काकू तिथेच फरशीवर बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. आपलं काम बिघडलेलं निघालं याचा मला इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही. तेव्हापासून पावडर लावायच्या आधी मी पाण्याचा ग्लास उचलून लांब ठेवतो.