तिसरा फलाट झाला तेव्हा

रेल्वेच्या नोकरीत किस्से जरा जास्तच साठतात, कारण निम्मी नोकरी गाडीची वाट बघण्यात जाते. शहापूर तालुक्यातल्या एका छोट्या स्टेशनात मी तिकीट खिडकीवर होते. आता आमचे मास्तर, रूळ बदलणारा पॉइंट्समन बारकूदादा आणि मी, तिघंही रिटायर. भेटलो की चहा हमखास थंड होतो.

*

तेव्हा दोनच फलाट. मालगाडी आमच्याकडे रखडली, की मागची लोकल सिग्नलबाहेर शेतात उभी. एकदा तशी नवरदेवाची लोकल अडकली. नवरीकडचे फलाटावर हार घेऊन उभे, गाडी समोर दिसतेय, हलत नाही. मुहूर्त टळायला आला तसं वऱ्हाड उतरून बांधावरून चालत आलं. नवरदेवाचे पाय धुळीनं माखलेले. नवरीचा बाप नळाकडे बघून म्हणाला, "पाय धुवायचा विधी हितंच उरकून घेऊ."

*

मग तिसरा फलाट झाला. मागून मेल आली की लोकल त्यावर घ्यायची, मेल मधून सरळ पुढे. मालगाडी अडली तरी एक वाट मोकळी. पहिल्या दिवशी मेल गेली, पाठोपाठ लोकलही सुटली. बारकूदादा तसाच उभा.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय गो. आज कोनी शिवी नाय दिली. चुकल्यासारखं वाटतंय."

*

गावातले हरीभाऊ लांबून हॉर्न ऐकला की जेवायला बसत. गाडी सिग्नलला थांबे, तोवर भाकरी संपे. नव्या फलाटानंतर त्यांची गाडी रोज चुकायला लागली. शेवटी खिडकीवर आले.

"बाई, तक्रार कुठं करायची?"

"कसली?"

"गाडी टायमात येते."

*

एकदा मुरबाडकडच्या एका पाड्यावरून एक म्हातारबाबा आले. फलाट तिकीट काढून तिसऱ्या फलाटावर बसले, दुपारपर्यंत हलले नाहीत. मास्तर जवळ गेले.

"बाबा, कुठं जायचंय?"

"कुठं नाय. माझा पोरगा हितं खोली करून ऱ्हायचा, कल्यानला कामाला जायचा. गाडी अडायची म्हनून रोज लेट. कामावरनं काढला. मी म्हनलो, तूच उशिरा उठतोस. त्यावर निघून गेला तो."

तेवढ्यात मेल धडधडत गेली. बाजूची लोकल लगेच सुटली. बाबांनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"आता अडत नाय?"

"नाही बाबा."

"मंग हे त्याला कोन सांगल? नंबर नाय त्याचा माझ्याकडं."

मास्तरांनी पोराचं नाव विचारलं. समोरून कल्याणहून येणारी लोकल फलाटात शिरत होती. मास्तर केबिनमध्ये गेले, माइक सुरू केला आणि रोजच्या घोषणेच्या आवाजात म्हणाले, "दत्तू, तुझे वडील तीन नंबरवर बसलेत."