एक दिवसाआडची विहीर

वाशीमच्या स्टेशनवर मायने शिदोरी हातात दिली आणि लगेच सांगूनही टाकलं, "भाकरीसंगं वांग्याची भाजी हाये. वांगी बजारातली हायेत." तिने हे सांगायला नको होतं. आम्ही माळी. गाडी भरभरून वांगी याच वाशीमच्या बाजारात विकलेली माणसं. त्या दिवशी माळ्याच्या पोराने विकतची वांगी बांधून घेतली आणि नागपूरची वाट धरली. बाबा स्टेशनवर आले नव्हते. विहिरीवर आमची पाळी होती, आणि मोटेला पाणी लागत नसलं तरी पाळीच्या दिवशी बाबा मळा सोडून कुठे जात नसत. अकोला येईपर्यंत मी ती शिदोरी सोडली नाही.

गावात राहिलेल्यांना वाटतं, हा पोटासाठी गेला. नागपुरात भेटणाऱ्या गाववाल्यांना वाटतं, याला इंजिनांची हौस होती म्हणून आला. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींच्या आड मी इतकी वर्षं लपून बसलो आहे.

अनसिंगजवळ आमचा मळा. बाबा थोरले, काका धाकटे, विहीर दोघांत एक. आजोबांनी तिची वाटणी दिवसांनी करून दिली होती : एक दिवस थोरल्याची मोट, एक दिवस धाकट्याची. कागद नव्हता आणि कोणाला लागलाही नाही. विहिरीच्या उतरत्या धावेवरून बैल दिवसभर खाली-वर करून दमून जात, तरी ती तळाला जात नसे. रात्रीतून झरे पुन्हा भरून काढत. दोन्ही भावांचे वाफे सारखेच हिरवे असत, माय आणि काकू एकमेकींच्या वाफ्यातली कोथिंबीर न विचारता खुडत. ती वाटणी आजोबांच्या शब्दाने टिकली आहे असं आम्हाला वाटे. खरं म्हणजे बैल दमत होते म्हणून ती टिकली होती.

एकोणीसशे पन्नास उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. आमच्या भागात तेलावरची इंजिनं यायला लागली होती. काका एक दिवस ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, "दादा, तुमी हो म्हनान तरच आनतो." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वीस-बावीस वर्षांचा, घरात एकटा सातवी पास. "तू शिकेल हायेस. सांग, यानं आपल्याले काई फरक पडते काय?"

मी म्हणालो, "दिवस तोच, विहीर तीच. फरक कायचा पडते?"

पाण्याचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. मनात होतं ते इंजिनाचं काळं चाक. मला त्याला हात लावायचा होता. बाबा म्हणाले, "मंग आन."

इंजिन आलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. सोबत आलेल्या मिस्त्रीने चार दिवस राहून मला सगळं शिकवलं : पट्टा चढवायचा कसा, पंपात आधी पाणी ओतायचं किती, हँडल मारायचं कसं. काकांना त्याची भीती वाटे, म्हणून काकांच्या पाळीला इंजिन मीच चालवायला लागलो. पहिला धूर निघाला की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. पाणी धो-धो येतंय म्हटल्यावर काकांनी शेजारचं पडीत वहितीत आणलं, त्यात कांदा लावला.

उन्हं तापायला लागली तशी एका सकाळी, आमच्या पाळीला, बाबांनी विहिरीत मोट सोडली. पाण्यात ती बुडल्याचा रोजचा आवाज आला नाही. वर आली ती पाव भरलेली, तीही गढूळ.

बाबा काकांना म्हणाले, "थोडं राखत जाय रे. माह्या वाफ्याले काई उरत नाही."

"दादा, म्या तुमच्या दिवशी कवा इंजन लावलं काय? माह्या दिवशी माहं पानी उपसतो."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. गावातल्या चार जाणत्यांनीही तेच सांगितलं : बोली दिवसाची, दिवस कोणी मोडला नाही. काही जण बाबांना म्हणाले, तुम्हीही इंजिन घ्या. त्या विहिरीच्या पोटात दोन इंजिनांपुरतं पाणी नाही, हे मात्र कोणी बोललं नाही.

बाबांनी मला एक शब्द विचारला नाही. चार थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त एकदा जेवताना म्हणाले, "काल कवा बंद केलं इंजन?"

"दुपारी."

"तेल संपलं म्हनून का पानी संपलं म्हनून?"

"पानी."

ते खाली मान घालून जेवत राहिले. त्या उन्हाळ्यात आमची वांगी उभी वाळली. मिस्त्रीने नागपुरातल्या एका कारखान्यात माझी सोय लावून दिली, आणि मी गेलो. पुढे बैलही गेले.

आता मी इंजिनं दुरुस्त करतो. शेतकरी येतात, विचारतात, "किती लवकर उपसते?" मी छाती काढून सांगतो. विहिरीत वाटेकरी दुसरा कोण आहे हे मी विचारत नाही. त्याचा मला पगार नाही.

गेल्या उन्हाळ्यात काकांचं कार्ड आलं : "इंजन पानी उचलून राह्यलं नाही. येऊन पाय." हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. सगळं खोललं, पुसलं, पुन्हा बसवलं. पहिल्याच हँडलला इंजिन चालू झालं, पण पाइपातून नुसती हवा. विहिरीत डोकावलो. तळाचा खडक दिसत होता आणि पाइपाचं तोंड त्याच्यावर लोंबत होतं.

"काका, इंजनात काई खराबी नाही. विहिरीत पानी नाही."

"मंग याहून मोठं आनलं तं?"

तेवढ्यात धावेकडून हाक आली. बैल जिथे वळत तिथे आता गवत माजलं होतं, आणि त्या गवतात बाबा बसले होते. इंजिनाचा आवाज ऐकून त्यांनी मला बोलावलं होतं.

"आज आपली पाळी हाये," ते म्हणाले. "त्याले सांग, आज इंजन नोको लावू."

कशाची पाळी, आणि कशाला, हे ओठांपर्यंत आलं होतं. पण मी जाऊन इंजिन बंद केलं.

नागपुरात कोणी विचारलं, घर कुठे, तर मी अनसिंग सांगतो. पण तिथे माझं म्हणावं असं आता एवढंच उरलं आहे, की मी अजून एक दिवसाआड मोजतो. आज काकांचा दिवस, उद्या आमचा. आमच्या दिवशी कारखान्यात पहिलं हँडल हातात घेताना हात जरा थांबतो. मग मी ते मारतोच.