गुंता नसलेलं गुंतवळ

आमच्या घरात विंचरून निघालेले केस कुणी फेकत नाही. बोटाला गुंडाळून त्याची गोळी करायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेल्या पिशवीत टाकायची. कधीतरी गल्लीत ‘केसावर भांडीऽऽ’ अशी हाळी येते. मग ती पिशवी द्यायची आणि एखादी स्टीलची वाटी घ्यायची. या केसांना गुंतवळ म्हणतात. उदगीरला आमच्या गल्लीत ही भांडीवाली बाई अजूनही येते. माझ्या सासूबाईंचा, सगळे त्यांना अव्वा म्हणतात, त्या पिशवीवर फार जीव. घरातल्या प्रत्येक बाईला त्यांनी ही शिस्त लावली, माझ्या मुलीलाही.

मुलगी बारावीला, लातूरला हॉस्टेलवर. नीटची तयारी. दिवाळीला आली तेव्हा तिला न्हाऊ घालताना डाव्या कानाच्या वर माझ्या बोटांना काहीतरी वेगळं लागलं. केस बाजूला केले तर रुपयाएवढी जागा मोकळी.

“हे काय गं?”

“काय की. गळायलेत,” ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली. मला वाटलं, डोळ्यांत साबण गेला असेल.

अव्वांनी चष्मा चढवून पाहिलं. “चाई हाय ती. किडा लागलाय. रातच्याला केस खातंय ते. लसूण चोळ, मरंल.”

चाईचा किडा कुणी पाहिलेला नाही, पण त्याच्याबद्दल शंकाही कुणी घेत नाही. मी बी.एस्सी. झालेली बाई. पण भीती वाटली की डिग्री कपाटातच राहते. लसूण ठेचून मी तिच्या डोक्याला चोळला. पोरगी ओठ दाबून बसली. दुपारी मी मोबाईल घेऊन बसले आणि केस का गळतात ते वाचत गेले. मन चिंती ते वैरी न चिंती. थायरॉइडपासून सुरुवात केली ती ज्या आजाराचं नाव आम्ही घरात घेत नाही तिथपर्यंत पोचले. भाऊबीजेच्या ताटात निरांजन ठेवायचंच विसरले. आणि घाबरले की मी चिडते, त्यामुळे त्या दिवशी विनाकारण सगळ्यांनीच माझी बोलणी खाल्ली.

दिवाळीनंतर ती परत गेली. लसूण मी बरोबर बांधून दिला होता. पुढच्या एका रविवारी मी लातूरला गेले तर ती जागा तळहाताएवढी झालेली, आणि त्यावर लाल चट्टे. मी तडक किडाच शोधायला लागले. गादी उलटी केली, उशीचे अभ्रे काढले, पलंगाखाली झाडलं. किडा सापडला नाही. खिडकीच्या कडेला पाण्याच्या बाटलीमागे केसांच्या गोळ्या सापडल्या, ओळीनं मांडून ठेवलेल्या.

“अव्वांची नात शोभतेस,” मी म्हणाले. एक गोळी सहज उलगडली. केस एकाशेजारी एक, सरळ. किती नीटस ठेवते पोरगी, असं मनात आलं. ती दारात उभी होती. हसली नाही.

तिथूनच तिला रिक्षात घातलं आणि त्वचारोगाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी विचारलं, “हे भाजलं कशानं?”

मी लसूण सांगितला. त्यांच्या भुवयाच बोलल्या.

“डॉक्टर, एखादं तेल, इंजेक्शन, काहीही लिहून द्या.”

“काय झालंय तेच कळलं नाही, तर काय लिहू?”

त्यांनी दिव्याचं भिंग डोक्याला टेकवलं आणि बराच वेळ पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. अखेर त्या म्हणाल्या, “चाईची जागा गुळगुळीत असते. इथे केस आहेत, पण तुटलेले. कुठे लांब, कुठे आखूड.” मग मुलीला विचारलं, “लिहिताना कोणता हात मोकळा असतो बाळा?”

तिनं डावा हात मांडीखाली सरकवला.

“आई, तुम्ही जरा बाहेर बसा.”

बाहेरच्या बाकावर बसल्यावर ती उलगडलेली गोळी माझ्या डोळ्यांपुढे आली. विंचरलेले केस कंगव्याच्या दातांत अडकून, एकमेकांत गुंतून निघतात, म्हणून तर त्यांना गुंतवळ म्हणायचं. त्या गोळीत गुंता नव्हता. ते केस एकेक करून उपटलेले होते.

आग रामेश्वरी आणि मी बंब नेला सोमेश्वरी. पण त्या क्षणी मला केसांचं काहीच वाटलं नाही. हॉस्टेलची गच्ची आठवली. लातूरच्या बातम्या आठवल्या, ज्या आल्या की मी चॅनेल बदलते. जी पोर स्वतःचे केस उपटते, ती आणखी काय करेल? दार उघडेपर्यंत मी त्या दाराकडे बघत राहिले.

आत बोलावलं तेव्हा मुलगीच बोलली. “मम्मी, फिजिक्सचं गणित अडलं की हात जातो. मला कळत बी न्हाई. केस निघाला की जरा बरं वाटतं. मग गोळी करून ठेवते. अव्वा म्हणते ना, केस फेकू नाही.”

डॉक्टरांनी भाजल्याचं मलम दिलं, रक्त तपासायला सांगितलं आणि मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी लिहिली. केसांसाठी काही दिलं नाही. हात थांबला की केस येतील, म्हणाल्या.

“चल घरी,” मी बाहेर येताच म्हणाले. “नको आपल्याला डॉक्टरकी.”

“न्हाई मम्मी. घरी समदे माझं डोकंच बघत बसतेत.”

तिला तिथे ठेवायची भीती, आणि ओढून आणायची त्याहून जास्त. रक्तात काही निघालं नाही. आता ती दर आठवड्याला मनाच्या डॉक्टरांकडे जाते, आणि त्यांच्याच सांगण्यावरून तिला अजून तरी लातूरलाच ठेवलंय. परवा भांडीवाली आली तेव्हा अव्वांनी विचारलं, “पोरीचं गुंतवळ आणलं न्हाईस व्हय?” मी नाही म्हणाले. ते माझ्या पर्समध्ये आहे. मलाही ते फेकवत नाही.

संध्याकाळी मेसला जायच्या आधी तिचा फोन येतो. मार्कांचं मी विचारत नाही, डोक्याचंही विचारायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. तरी एकदा तोंडातून निघूनच गेलं, “हात कुठाय गं?”

“एका हातात फोन हाय की मम्मी,” ती म्हणाली.

दुसऱ्या हाताचं विचारायला माझी जीभ रेटली नाही.