नेव्हिलची पाच वॉटची हाक

माझा भाऊ नेव्हिल पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून टूथब्रशची दांडी अर्धी कापतो, आणि वर बिनतारी संदेशांचा रेडिओ, बॅटरी, सोलर पॅनल, तारेचं भेंडोळं असं सगळं त्याच पाठीवर लादतो. बोलायची सोय नाही. वाटेत कोणी भेटलं की सुरू, "पाच वॉट! फक्त पाच वॉटमध्ये बोलतो मी!" जरा ताकदीचा रेडिओ घे म्हटलं, तर मी त्याला चोरी करायला सांगितल्यासारखा बघतो.

रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करण्यात पीटरबरो गावी त्याचा जन्म गेला. लग्न केलं नाही. जिवाभावाचा माणूस एकच, लेस्टर. हायसनची शेकडो मैलांची पायवाट आम्ही तिघांनीच धरली होती. उन्हाळ्यात वणव्यांपायी ती बंद असते, म्हणून दर हिवाळ्यात एकेक तुकडा. शेवटचा तुकडा उरला आणि लेस्टरच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, पायांतलं बळही गेलं. आता तो क्वॉर्नच्या वृद्धाश्रमात खिडकीबाहेर रेडिओची तार सोडून बसतो आणि टिंब-रेघांची मोर्सची कळ वाजवतो. तेवढंच त्याचं बोलणं.

निघताना नेव्हिलने त्याला शब्द दिला होता, "रोज दुपारी चहाच्या वेळी हाक मारीन. वाट संपेपर्यंत तू आमच्याबरोबर."

आणि पहिल्या मुक्कामापासून नुसती खरखर.

मोज्यात दगड घालून, त्याला दोरी बांधून निलगिरीच्या फांदीवरून भिरकावायचं काम माझं. माझे दोन चांगले लोकरी मोजे अजून कुठल्या तरी झाडावर लटकताहेत. तार वर चढली की हा खाली पॅनल पसरणार, स्वतः बनवलेली चार्जिंगची डबी जोडणार, दिवसभराचं सगळं, माझ्या मोज्यांसकट, कळीवर बडवणार आणि हेडफोन कानाला लावून बसणार. मग तोंड पाडणार. माश्या माझ्या चहात.

"झोपला असेल लेस्टर," मी एकदा म्हटलं.

"रोज?"

"मग तुझा पाच वॉटचा काजवा तिथवर पोचत नसेल."

"याहून कितीतरी लांब पोचलाय, रोझ!"

"मग रुसलाय तो. त्याला खोलीत बसवून आपण इथे मजा मारतोय. मी असते तर मीही रुसले असते."

मी चेष्टेत बोलले, पण ते त्याच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी कोरड्या नदीच्या पात्रात मुक्काम पडला. तिथेही तेच. नेव्हिलने हेडफोन काढून खाली टाकला.

"उद्या गाडीरस्ता लागेल. मी तिथून क्वॉर्नला जातो. तो असा एकटा असताना मला नाही चालवत."

"अरे, दोन दिवसांवर शेवट आलाय! माझे गुडघे पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबणारेत का?"

"तू जा पुढे."

"एकटी? वर्षानुवर्षं तुझं हे भंगार झाडावर चढवलं ते एकटीने शेवट बघायला?"

माझं डोकंच फिरलं. चल तर मग, आत्ताच निघू, म्हणून मी सामान गोळा करायला लागले. पॅनलची वायर डबीतून हिसकून काढली.

खरखर थांबली. एकदम, नळ बंद केल्यासारखी. आणि खाली पडलेल्या हेडफोनमधून बारीक, स्वच्छ टिटटिट ऐकू यायला लागली.

नेव्हिलने झडप घालून तो कानाला लावला. ओठ हलायला लागले.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, 'पॅनल काढ, गाढवा. खरखर खरखर म्हणतोस, ती तुझ्याच डबीची. रोज हेच सांगतोय. पॅनल काढ.'"

म्हणजे आमची प्रत्येक हाक तिकडे पोचत होती. बहिरे आम्ही होतो, तेही याने हौसेने बनवलेल्या डबीपायी! ती डबी त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं मला.

नेव्हिलने कळ दाबून विचारलं, रोज ऐकत होतास?

"'सगळं. मोज्यांचंसुद्धा,'" त्याने उत्तर वाचलं. मग पुन्हा टिटटिट झाली.

"आता काय?"

"विचारतोय, 'आज कुठवर आलो आपण?'"

त्याचा हात कळीवर होता, पण हलेना. डोळे भरले होते, त्याचेही आणि माझेही.

"सांग की मेल्या," मी ओरडले, "थांबलाय ना तो!"