छप्पन्नचा आकडा

फोटोताई त्या संस्थेत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिला घेतलं होतं डार्करूमसाठी. त्या काळी मायक्रोस्कोपची चित्रं फिल्मवर निघत आणि ती फिल्म धुवायला हाताला वळण असलेलं कुणीतरी लागे. तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. फिल्म औषधात किती सेकंद हलवायची हे ती पाढ्यांच्या आधी शिकली होती. प्राध्यापकांनी तिचं एकच काम पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून या."

पुढे फिल्म गेली, कॉम्प्युटर आले, डार्करूममध्ये जुन्या कागदांची कपाटं येऊन उभी राहिली. आता ही घरी जाणार, अशी कुजबुज सुरू झाली. पण तोवर यंत्राशेजारी बसून बसून तिनं ते पुरतं पाठ केलं होतं. पंपाचा आवाज बदलला की ती दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगे, "झडप बघा!" यंत्र चालवणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि त्या खुर्चीत आपसूक तीच बसली. नाव मात्र फोटोताईच राहिलं.

मग नेटवर्क झालं. लहानमोठी तेवीस कॉलेजं एकत्र आली. ज्याच्याकडे जे यंत्र असेल ते सगळ्यांनी वापरायचं, शिकवायचंही मिळून. लहान कॉलेजांना असलं यंत्र सात जन्मांत मिळालं नसतं. आता ती थर्माकोलच्या डब्यात नमुन्याच्या कुप्या पाठवत. फोटोताई नमुना चढवी, चित्र नीट जमवी आणि शेकडो मैलांवरची मुलं आपापल्या पडद्यावर तेच चित्र बघत सांगत, "ताई, थोडं डावीकडे. तो गोल मोजा ना!" वर्षातून दोनदा शाळेतली मुलंही अशीच पडद्यावर जमत. त्यांना ती आधी डोक्याचा एक केस दाखवी. "या केसाच्या जाडीचे ऐंशी हजार तुकडे करा. त्यातला एक तुकडा म्हणजे साधारण एक नॅनोमीटर. आता करा बरं तुकडे!" मुलं खिदळत. ताईलाही मजा येई.

सगळं बरं चाललं होतं. आणि मग नेटवर्कनं एक चाचणी ठरवली. सोन्याच्या कणांची एकच कुपी नऊ प्रयोगशाळांत वाटायची, प्रत्येकानं कणांचा आकार मोजायचा आणि आकडे शेजारीशेजारी मांडायचे. आठ ठिकाणांहून आकडा आला पन्नास नॅनोमीटरच्या आसपास. फोटोताईचा आला छप्पन्न.

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, ते हसले. "ताई, आपलं यंत्र सगळ्यांत चांगलं. त्यांचंच चुकत असेल."

"आठांचं? तेही एकसारखंच?"

"मग नमुना वाटेत खराब झाला असेल. तसं कळवून टाकू."

ताईला मात्र चौदा महिन्यांपूर्वीचा दिवस आठवत होता. यंत्राचा एक भाग जळाला होता, कंपनीचा मेकॅनिक नवा बसवून निघाला होता. जाता जाता तो म्हणाला, "पट्टी लावून बघूया का?" पट्टी म्हणजे सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा. त्यावर ठरावीक अंतरावर रेघा कोरलेल्या असतात आणि यंत्र खरं मोजतंय की नाही ते त्यावरून कळतं. पण पट्टी तेव्हा दुसऱ्या एका कॉलेजात प्रशिक्षणासाठी गेली होती. पडद्यावर चित्र तर आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. "राहू द्या," ताई म्हणाली होती. "आली की बघते." पट्टी आलीच नाही. तिनं दोनदा फोन केला, मग कामाच्या रगाड्यात विसरली.

आता तिनं त्या कॉलेजात तिसरा फोन केला. पट्टी कुणाच्या तरी टेबलाच्या खणात स्टेपलच्या डबीशेजारी पडून होती. चार दिवसांनी कुरियर आला. दार लावून ताईनं पट्टी यंत्रात चढवली, रेघा मोजल्या. मग उठली, पाणी प्यायली, परत मोजल्या. सगळं काही बारा टक्के मोठं दिसत होतं.

ती सरांच्या खोलीत गेली तेव्हा तिचा चेहरा पाहूनच ते उठून उभे राहिले. तिनं सगळं सांगितलं, मेकॅनिक काय म्हणाला आणि आपण काय म्हणालो ते सुद्धा.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "यंत्र दुरुस्त करून घ्या. आजपासून बरोबर मोजा. झालं गेलं ते उकरून काय मिळणार आहे?"

"सर, मुलांनी हे आकडे प्रबंधात घातलेत."

"म्हणूनच म्हणतो. अख्खं नेटवर्क आपल्या नावानं खडे फोडेल, ताई. तुमच्या नोकरीची तीन वर्षं उरलीत. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

घरी आल्यावर जेवताना तिनं सगळं नवऱ्याला सांगितलं. तो बस डेपोत मेकॅनिक होता. त्याला ही चूक समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"म्हणजे स्पीडोमीटर चुकीचा होता," तो म्हणाला.

"हो."

"आणि गाडीतली माणसं तो बघून वेळ ठरवत होती."

"अहो, हो! जखमेवर मीठ कशाला चोळताय?"

"मी काय चोळतोय? आमच्याकडे असं झालं तर आम्ही सगळ्या गाड्या परत बोलावतो. शिव्या खातो. पण बोलावतो." मग ताटाकडे बघत तो म्हणाला, "तू आधीच ठरवून बसली आहेस. मला नुसतं ऐकायला बसवलंयस."

ते खरंच होतं.

चूक नेमकी कधीपासूनची, हे ताईनं आधी शोधलं. आपल्या आठवणीवर तिचा भरवसा नव्हता. तिनं साठवलेली जुनी चित्रं काढली. एकच नमुना दुरुस्तीच्या आधी आणि नंतर मोजलेला असं एक प्रकरण सापडलं आणि चूक त्याच दिवसापासूनची असल्याचं नक्की झालं. दोनशे बारा नमुने. प्रत्येकाचा खरा आकार काढून तिनं यादी केली आणि तेवीस कॉलेजांना पत्र लिहिलं. पत्र सहा ओळींचं होतं. 'यंत्रात बिघाड झाला' असं पहिल्या मसुद्यात होतं. ते खोडून तिनं लिहिलं, 'यंत्र तपासण्याचं काम माझं होतं. मी ते केलं नाही.' सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि एक सुस्कारा सोडून स्वतःची सहीही खाली केली.

बहुतेकांनी मुकाट्यानं आकडे बदलले. एका प्राध्यापकांनी संतापून मोठ्या अक्षरांत लांबलचक पत्र पाठवलं. पण तिच्या मनाला लागला तो एक फोन. दूरच्या एका छोट्या कॉलेजातली एक मुलगी पाणी गाळण्याच्या फिल्टरवर चांदीच्या कणांचा थर द्यायचं काम करत होती. पडद्यावर "ताई, डावीकडे" म्हणणाऱ्यांत तिचाच आवाज सगळ्यांत उत्साही असे.

"माझा सगळा प्रबंध पंचेचाळीसवर उभा आहे," मुलगी म्हणाली. "आणि आता तुम्ही म्हणताय चाळीस."

"हो गं."

"पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा होती. आमच्या इथल्या सरांनी ती पुढे ढकलली. सगळे तक्ते परत करायचे. नोकरीवाले थांबणार नाहीत, ताई. त्यांना पदवी आत्ता हवी होती."

"माझी चूक आहे," ताई म्हणाली.

"माहितेय," मुलगी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ती नोकरी गेलीच. ताईला हे दुसऱ्यांकडून कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस नमुन्यांचे डबे उघडताना ती डब्यावरचं कॉलेजचं नाव आधी बघे. तिकडून काहीच येत नव्हतं. सर तिच्याशी कामापुरतं बोलत. मागच्या वेळी तिला बोलावणाऱ्या शाळेनं यंदा दुसऱ्या प्रयोगशाळेला विचारलं. ताई मात्र रोज सकाळी आल्याबरोबर आधी पट्टी चढवी, चित्र काढी, त्यावर तारीख घाली आणि मगच जेवणाचा डबा टेबलावर ठेवी.

पाच महिन्यांनी त्या कॉलेजातून थर्माकोलचा डबा आला. आत दोन कुप्या आणि एक चिठ्ठी होती. 'कृपया आधी पट्टी मोजावी. पट्टीचं आजचं चित्र निकालासोबत पाठवावं. त्याशिवाय निकाल घेतला जाणार नाही.' खाली त्या मुलीची सही होती.

ताईच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. मग चिठ्ठी परत वाचताना तिला हसू आलं. मुलीचं बरोबरच होतं. तिनं त्या दिवशीच्या पट्टीचं चित्र निकालासोबत पाठवलं. मग वाटलं, हिलाच का? त्या आठवड्यात सगळ्यांनाच पाठवलं. महिन्याभरात इतर कॉलेजं बाकीच्या प्रयोगशाळांकडे तेच मागू लागली. एका प्रयोगशाळेनं बरेच दिवस टाळाटाळ केली आणि शेवटी तिथंही सात टक्क्यांची चूक निघाली. नेटवर्कच्या वार्षिक बैठकीत तो नियमच झाला. पट्टीचं चित्र नसेल तर निकाल ग्राह्य नाही. ठराव सरांनीच मांडला, आणि असा मांडला की जणू कल्पना त्यांचीच होती. ताईला त्याचं काही वाटलं नाही.

नव्या तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचा पहिला तास नेटवर्कनं तिला दिला. चाळीस जण समोर, आणि तिला इंग्रजीत भाषण करायची धास्ती. "मराठीतच बोला," सर म्हणाले, "आकडे सगळ्यांना कळतात." तिनं पडद्यावर ते छप्पन्नचं चित्र लावलं. अगदी स्वच्छ, देखणं चित्र.

"यात काय चुकलंय, सांगा," ती म्हणाली.

सगळे डोळे बारीक करून बघू लागले. कुणी फोकस म्हणालं, कुणी प्रकाश.

मागच्या रांगेतून आवाज आला, "चित्रात काही नाही. सोबत पट्टी कुठाय?"

आवाज ओळखीचा होता. मुलगी आता त्याच छोट्या कॉलेजात शिकवत होती आणि आपले दोन विद्यार्थी घेऊन आली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मुलगी काही हसली नाही, पण वही उघडून लिहायला बसली.

"बरोबर," ताई म्हणाली. "आता मी काय केलं नाही, ते सांगते."